खाण बंद झाल्यावर गाण्यांचं काय होतं?

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम नावाचं शहर आहे. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आसपासच्या गावांतली माणसं तिथे वाजतगाजत येतात. प्रत्येक गावाचा भलामोठा चित्रांचा बॅनर, सोबत पितळी वाद्यांचा बँड आणि मागून चालणारं गाव. खाणकामगारांचा हा मेळावा 1871 मध्ये सुरू झाला. एके काळी या भागात शंभराहून जास्त खाणी होत्या. त्यातली शेवटची, मंकवेअरमथची, डिसेंबर 1993 मध्ये बंद पडली. ती जागा आता फुटबॉलच्या मैदानाने घेतली आहे. आज तिशीच्या आत असलेल्या कुणीही तिथे चालू खाण पाहिलेली नाही. तरीही मेळावा भरतो, हजारो लोक येतात, आणि मिरवणुकीचा सगळा गजर बाजूला ठेवून एक संथ, जड चाल वाजवली जाते. लोक टोप्या काढून उभे राहतात.

त्या चालीचं नाव 'ग्रेसफर्ड'. वेल्समध्ये रेक्सहॅमजवळ या नावाची कोळशाची खाण होती. 22 सप्टेंबर 1934 च्या पहाटे तिच्यात स्फोट झाला. आग आटोक्यात येईना, म्हणून शेवटी खाणीची तोंडं बुजवावी लागली. 266 माणसं गेली आणि त्यांतल्या बहुतेकांचे मृतदेह कधीच वर आणता आले नाहीत. रॉबर्ट सेंट हा डरहॅमजवळच्या हेबर्नचा, खाणीत राबलेला आणि बँडसाठी लिहिणारा संगीतकार. त्याने या मृतांसाठी ही चाल बांधली आणि 1938 च्या मेळाव्यात ती पहिल्यांदा वाजली. तिला शब्द नाहीत. कदाचित त्यामुळेच ती ग्रेसफर्डपुरती उरली नाही. ज्याच्या घरातला माणूस कुठल्याही खाणीत गेला, त्याला ती आपली वाटते.

खाण गेली, मजुरी गेली, पण चाल टिकली. असं प्रत्येक गाण्याच्या वाट्याला येत नाही. खाणींच्या गावांची असंख्य गाणी खाणीबरोबरच संपली. जगभरची उदाहरणं पाहताना मला त्यातून एक सूत्र दिसतं: गाण्याकडे एखादं काम असेपर्यंत ते जगतं. खाण चालू असताना त्याच्याकडे कामं असतातच. खाण बंद झाली की ती सुटतात. नवं काम मिळालं तर गाणं पुढे जातं, नाही मिळालं तर उत्तम ध्वनिमुद्रण असूनही ते कपाटात पडून राहतं. गाणी 'जतन करणं' म्हणजे काय, हे या बाजूने पाहिलं की बरंच सोपं होतं.

आधी ती कामं कोणती होती ते बघू.

खाणीचं गाव इतर गावांसारखं हळूहळू वाढत नाही. जिथे कोळसा किंवा धातू सापडतो तिथे जमिनीत भोक पडतं आणि शेजारी घरांच्या रांगा उभ्या राहतात. अनेक ठिकाणी घरं कंपनीची असत, दुकानही कंपनीचं असे. सगळ्यांचा मालक एक, पाळीचा भोंगा एक, धोका एक. खाली छत कोसळलं की ते कुणाच्या तरी एकट्याच्या घरावर कोसळत नसे. माणसं इतकी एकमेकांत गुंतलेली असली की त्यांची गाणीही आपोआप सामाईक होतात.

पण 'खाणीतली गाणी' म्हटलं की डोळ्यांसमोर कुदळ चालवत गाणारा माणूस येतो, ते चित्र पुष्कळदा खरं नसतं. कोळसा तोडणाऱ्याला कान उघडे ठेवावे लागत. छताचा दाब वाढला की लाकडी टेकू करकरतात, दगड बारीक आवाज करतो. तो आवाज ज्याला ऐकू आला तो वाचला. ब्रिटनमधल्या बऱ्याच खाणींत तर जमिनीखाली शीळ घालणंही अशुभ मानत. त्यामुळे तिथली बरीचशी गाणी खाणीविषयीची आहेत, पण गायली गेली ती वर: दारूच्या गुत्त्यात, प्रार्थनागृहात, युनियनच्या सभागृहात, संपाच्या मिरवणुकीत, घराच्या पायरीवर. म्हणून खाण टिकली तरी गुत्ता आणि सभागृह बंद झालं तर गाणं मरू शकतं. आणि उलटही होऊ शकतं.

या गाण्यांची पहिली मोठी कामगिरी म्हणजे बातमी पोचवणं आणि पैसे उभे करणं. डरहॅमच्या टॅनफील्ड ली गावचा टॉमी आर्मस्ट्राँग (1848–1920) हा 'खाणकामगारांचा कवी' म्हणून ओळखला गेला. लहानपणीच खाणीत गेलेला हा माणूस लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर गाणी रचायचा आणि ती एकेका कागदावर छापून विकली जायची. 16 फेब्रुवारी 1882 ला ट्रिमडन ग्रेंज खाणीत स्फोट होऊन अनेक माणसं आणि पोरं गेली. त्यावरच्या त्याच्या गाण्यात तीन मुलगे गमावलेली एक आई नावानिशी येते. विधवा आणि अनाथांना आधार द्या, असं ते गाणं उघडपणे मागतं. आज आपण ते कविता म्हणून वाचतो, तेव्हा ते मदतफेरीचं पत्रक होतं. 1885 च्या एका संपात कंपनीने कामगारांची कुटुंबं घराबाहेर काढली, तर आर्मस्ट्राँगने सामान बाहेर फेकायला आणलेल्या भाडोत्री माणसांचीच खिल्ली उडवणारं गाणं केलं. छप्पर हरवलेल्या माणसांच्या हातात तेवढंच एक हत्यार उरलं होतं, आणि ते चाललं.

दुसरी कामगिरी शिक्षणाची. वेल्सच्या कोळसा-खोऱ्यांतले पुरुषांचे गायनसंघ जगभर प्रसिद्ध झाले, त्यामागे एक अगदी व्यावहारिक गोष्ट आहे. 19 व्या शतकात जॉन कर्वेनने 'टॉनिक सोल-फा' नावाची पद्धत लोकप्रिय केली. तिच्यात पाच रेघांवरची स्वरलिपी वाचावी लागत नाही, सूर अक्षरांनी लिहिलेले असतात. रविवारच्या प्रार्थनावर्गात ती शिकलेला, शाळा फारशी न पाहिलेला माणूस चार सुरावटींतलं अवघड समूहगान वाचून गाऊ शकत असे. पितळी बँडचंही तसंच. कॉर्नेटपासून सगळ्यात मोठ्या ट्यूबापर्यंत जवळजवळ सगळी वाद्यं एकाच पद्धतीने लिहिलेलं संगीत वाजवतात आणि बोटांची ठेवणही तीच असते. एक वादक जखमी झाला किंवा गाव सोडून गेला तर दुसरा त्याचं वाद्य उचलू शकतो. वाद्यं महाग, तेव्हा अनेक खाणींत आठवड्याच्या मजुरीतून थोडी थोडी रक्कम बँडसाठी कापली जायची. गावाचं संगीत अशा हिशेबावर उभं होतं. खाण बंद झाल्यावर ती कपात थांबली, म्हणून बँड अडचणीत आले. संस्कृती लोप पावली असं आपण सहज म्हणून जातो, पण बऱ्याचदा आधी निधी लोप पावलेला असतो.

यॉर्कशायरमधल्या ग्राइमथॉर्प गावाच्या बँडची गोष्ट यासाठी नीट पाहण्यासारखी आहे. 1917 मध्ये सुरू झालेला हा बँड. ऑक्टोबर 1992 मध्ये ब्रिटिश सरकारने 31 खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला, त्याच महिन्यात या बँडने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. 1993 मध्ये गावची खाण बंद झाली. बँड मात्र आजही आहे, कारण तोपर्यंत मैफली, स्पर्धा आणि ध्वनिमुद्रणं ही त्याची स्वतंत्र उपजीविका बनली होती. पण हेही सांगायला हवं की असा दर्जा असलेले बँड मोजकेच. खाणीच्या साध्यासुध्या बँडला ही वाट नव्हती.

आता संग्राहकांकडे वळू. त्यांच्याशिवाय आज यातलं फारसं काही आपल्या हाती नसतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिलमध्ये जॉर्ज कॉर्सन नावाचा तरुण बातमीदार होता. खाणकामगारांच्या गाण्यांचं पुस्तक आहे का, असं त्याने ग्रंथालयात विचारलं आणि तसं पुस्तकच नाही असं उत्तर मिळालं. मग 1920 च्या दशकात तो स्वतःच गोळा करायला निघाला. म्हाताऱ्या खाणकामगारांकडे बसायचं, त्यांना गाऊ द्यायचं, लिहून घ्यायचं. पुढे 1940 च्या दशकात अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयासाठी त्याने त्यांचे आवाजही मुद्रित केले. त्या गाण्यांत आयर्लंड आणि वेल्समधून आलेल्यांच्या चाली आहेत, कोळशातून दगड वेचणारी लहान पोरं आहेत, कंपनीच्या दुकानाची उधारी आहे. त्याने एक गोष्ट फार चांगली केली: गाण्याबरोबर माणसाची हकिगतही नोंदवली.

ब्रिटनमध्ये 1951 च्या राष्ट्रीय महोत्सवाच्या निमित्ताने कोळसा मंडळाच्या मासिकातून कामगारांना गाणी पाठवण्याचं आवाहन झालं. ए. एल. लॉईड या संग्राहकाने त्यांतून 1952 मध्ये संग्रह काढला. तो नसता तर ब्रिटनमधल्या नंतरच्या लोकसंगीत चळवळीला खाणींची गाणी मिळालीच नसती, इतकं त्याचं मोल आहे. पण त्याच संग्रहातलं सैन्यात भरती झालेल्या खाणकामगाराचं एक लाडकं गाणं अभ्यासकांनी मागे शोधत नेलं, तेव्हा ते कंबरलंडचा कवी रॉबर्ट अँडरसन याच्या जुन्या कवितेपाशी पोचलं. त्या कवितेतला तरुण नांगर धरणारा आहे, कोळसा तोडणारा नाही. कुणाच्या तरी हातून शेताची खाण झाली, आणि संशय बहुतेकांनी लॉईडवरच घेतला.

यावर लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात, हा खोटेपणा. दुसरे म्हणतात, लोकगीत बदलतच असतं, त्यात काय. माझं मत असं की बदल करायला हरकत नाही, बदल लपवायला आहे. गाणारा स्वतःच्या गरजेने शब्द बदलतो तेव्हा ती परंपरा असते. संग्राहक बदलतो आणि 'हे असंच मिळालं' असं छापतो, तेव्हा ज्यांचा वारसा जपायचा त्यांच्याच तोंडी तो आपले शब्द घालत असतो.

गरजेने बदललेल्या गाण्याचं उदाहरण हवं असेल तर केंटकीतल्या हार्लन काउंटीचं घ्या. 1931 मध्ये तिथल्या संपात शेरीफची माणसं युनियनच्या एका पुढाऱ्याला शोधत त्याच्या घरात घुसली. त्याची बायको, फ्लॉरेन्स रीस, मुलांसह घरात होती. तिने त्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर, एका जुन्या चालीवर, 'तुम्ही कुणाच्या बाजूने?' असं विचारणारं गाणं लिहिलं. ते पुढे अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीत गायलं गेलं, 1984–85 च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपातही गायलं गेलं, दर वेळी नव्या कडव्यांसह. प्रश्न तोच राहिला आणि त्याला उत्तर देणारी माणसं बदलत गेली. हार्लनबाहेर गेल्यामुळेच आज जगाला हार्लन आठवतं.

फ्लॉरेन्सचं नाव आलं तर एक उणीव इथेच सांगते. संग्राहक बहुतेक पुरुष होते आणि ते जिथे गेले तिथे पुरुषच बसलेले असत. भोंग्याआधी उठून डबा भरणाऱ्या, संपात स्वयंपाकघर चालवणाऱ्या, दुर्घटनेच्या दिवशी खाणीच्या फाटकाशी ताटकळणाऱ्या बायकांची गाणी त्यामुळे कमी नोंदली गेली. जगातलं बहुधा सगळ्यात जास्त नाचलं जाणारं खाणीचं गाणं मात्र बायकांच्या कामातून आलेलं आहे, म्हणून त्याच्याकडे थोडं थांबून पाहू.

जपानच्या क्यूशू बेटावर चिकुहो नावाचा कोळशाचा पट्टा आहे. तिथे नवरा कोळसा तोडायचा आणि बायको तो टोपलीत किंवा घसरगाडीत भरून ओढत न्यायची, अशी जोडी खाली उतरत असे. वर, निवडणीच्या जागी, कोळशातून दगड बाजूला काढण्याचं काम बायका करत. तागावा भागात त्या निवडताना जे गाणं म्हणत, त्यातून 'तान्को बुशी', म्हणजे कोळसाखाणीचं गाणं, घडलं असं मानतात. त्यातलं सगळ्यांना पाठ असलेलं कडवं खाणीवर उगवलेल्या चंद्राचं आहे: धुराडं एवढं उंच की बिचाऱ्या चंद्राच्या डोळ्यांत धूर जात असेल. तागावाच्या मित्सुई खाणीची 1908 ची दोन विटांची धुराडी, प्रत्येकी 45 मीटरहून उंच, आजही उभी आहेत. आता तिथे कोळसाखाणीचं संग्रहालय आणि बाग आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने उद्योग उभे करायला कोळशाला सगळ्यात वरचं प्राधान्य दिलं. खाणकामगार देशाचे नायक ठरले, रेडिओवर आणि तबकड्यांवर हे गाणं घुमू लागलं. मग त्याला एक नवं काम सापडलं. उन्हाळ्यात पूर्वजांच्या स्मरणार्थ होणाऱ्या 'बोन' उत्सवात गोल करून नाचायचं असतं, तिथे ते शिरलं. नाचाच्या हालचाली सरळ खाणीतून उचललेल्या आहेत: फावड्याने दोनदा खणायचं, टोपली खांद्यावर टाकायची, हात कपाळाशी नेऊन चंद्राकडे पाहायचं, गाडी ढकलायची. पाच मिनिटांत कुणालाही येतो. हवाई आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांची नातवंडं, ज्यांनी कोळसा हातात धरलेला नाही, तीही दर उन्हाळ्यात ही मेहनत अंगाने करतात. शरीराने जपलेला वारसा किती चिवट असतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पण या यशाची किंमतही आहे, आणि ती झाकून ठेवली तर समजावणं अर्धवट राहील. गाणं देशभर गेलं तेव्हा बहुतेकांच्या तोंडी खाणीचं नाव 'मिइके' असं बसलं. मिइके ही जपानची सगळ्यात मोठी कोळसाखाण. तिथे अनेक दशकं कैद्यांकडून काम करून घेतलं, युद्धकाळात कोरियातून आणलेल्या माणसांकडून सक्तीने. 1960 मध्ये तिथे नोकरकपातीविरुद्ध दीर्घ संप झाला. 9 नोव्हेंबर 1963 ला कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला, त्यात 458 माणसं मेली आणि विषारी वायूने शेकडो जण मेंदूला झालेल्या इजेसह जगले. ती खाण 1997 मध्ये बंद झाली. चंद्राच्या गाण्यात यातलं काही नाही. उत्सवात नाचायला आनंदाचं कडवं लागतं, त्यामुळे तेच पुढे गेलं. नवं काम मिळालं की गाणं वाचतं, पण त्या कामाला जेवढं लागतं तेवढंच वाचतं.

उरलेलं कुणी वाचवलं? त्याच चिकुहोतल्या यामामोतो साकुबेई नावाच्या माणसाने. 1892 चा जन्म, लहानपणापासून खाणीत, आणि साठी उलटल्यावर हातात कुंचला. नातवंडांना कळावं म्हणून तो आठवणीतून चित्रं काढू लागला: अर्धउघड्या अंगाने सरपटणारी जोडपी, दिवे, हत्यारं, स्फोट, मारहाण, अंघोळीचे हौद. रिकाम्या जागेत बारीक अक्षरात माहिती लिहायचा, आणि कुठे कुठे खाणीत म्हणायच्या ओळीही. त्यातल्या एका ओळीचा आशय असा की कोळशाची घसरगाडी ओढणाऱ्याचं ते रूप राजधानीच्या चित्रकारांनाही काढता यायचं नाही. साकुबेईने ते काढलं. 2011 मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत त्याच्या चित्रांची आणि टिपणांची नोंद झाली, जपानकडून अशी ती पहिलीच. गाण्याला जे पेललं नाही ते चित्राने आणि टिपणाने पेललं. म्हणून गाणी जपायची असतील तर फक्त गाणी जपून भागत नाही.

इतर वाटा थोडक्यात सांगते. स्पेनच्या मुर्सिया प्रांतात ला उनियोन हे शिसं-चांदीच्या खाणींचं गाव. आंदालुसियातून कामाला आलेल्यांनी आणलेल्या फ्लामेंकोतून तिथे खाणीची म्हणून एक खास, ठरलेल्या तालात न बांधलेली, अवघड गायकी तयार झाली. ती लोप पावत असताना 1961 मध्ये गावाने स्पर्धा-महोत्सव सुरू केला. जुन्या बाजाराच्या इमारतीत तो दर ऑगस्टमध्ये होतो आणि सर्वोच्च बक्षीस म्हणून खाणीतला दिवा देतात. स्पर्धेमुळे गायकी वाचली, देशभरचे व्यावसायिक गायक ती शिकू लागले. अर्थात परीक्षकांपुढे गायचं तर घोटीवपणा येतो, घशातली माती जाते. हा सौदा गावाने डोळे उघडे ठेवून केला, आणि मला तो योग्य वाटतो.

जर्मनीत खाणीच्या मुकादमाचं एक जुनं गाणं आहे, 'श्टायगरलीड'. त्याची मुळं सॅक्सनीच्या चांदीच्या खाणींपर्यंत, काही शतकं मागे जातात. 21 डिसेंबर 2018 ला बोट्रॉपची प्रोस्पर-हानिएल, म्हणजे देशातली दगडी कोळशाची शेवटची खाण, बंद झाली तेव्हा ते गायलं गेलं. पण त्याला जिवंत ठेवणारी जागा दुसरीच आहे: रूर या जुन्या कोळसा-पट्ट्यातली फुटबॉलची मैदानं. सामन्याआधी हजारो लोक ते एकसुरात म्हणतात. 2023 मध्ये ते जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या, म्हणजे गाणी, नाच, चालीरीती अशा हाताला न लागणाऱ्या वारशाच्या, राष्ट्रीय यादीत गेलं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या खाणकामगारांनी आपली नाताळची गाणी कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीत आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटात नेली. तिथल्या खाणीही थांबल्या, पण नाताळ दर वर्षी येतोच. पंचांगाला बांधलेलं गाणं कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून राहत नाही.

2003 च्या युनेस्को करारात अमूर्त वारशाची जी कल्पना आहे तीही याच दिशेची आहे. वारसा कोणता हे तो पाळणाऱ्या समाजाने ओळखायचं, आणि रक्षण म्हणजे तो पुढे चालू राहील अशी परिस्थिती राखायची. ब्रिटन या करारात 2024 मध्ये आलं. यादीत नाव येणं चांगलंच, त्याने निधी आणि मान मिळतो. पण यादीने कुणी गात नाही.

मग प्रत्यक्षात करायचं काय? एखाद्या खाणीच्या गावातल्या जुन्या माणसांकडे अजून गाणी असतील, तर वेळ फार नसतो आणि क्रम महत्त्वाचा असतो. आधी आवाज मुद्रित करा, लिहून घेणं नंतर. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा आवाजाच्या दर्जाचा किमान निकष 48 किलोहर्ट्झ, 24 बिट असा आहे (ही निवड मुद्रणयंत्राच्या सेटिंगमध्ये असते), आणि मूळ फाइल दाबून लहान केलेली नको. एमपी3 ऐकायला ठीक, जपायला नाही, कारण त्यात गाळलेला आवाज पुन्हा मिळत नाही. जुन्या टेप असतील तर त्यांचं अंकीकरण आधी करा, कारण टेपवरचा थर झिजतो आणि ती वाजवणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत. प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

गाण्याआधीचं आणि नंतरचं बोलणं चालू ठेवा. हे कुणाकडून आलं, कुठे म्हणायचे, कोण म्हणत नसे, कुणासमोर म्हणायला बंदी होती, कुठल्या कडव्यावर लोक हसायचे, हे सगळं त्या बोलण्यातच असतं. एकाच गाण्याची चार रूपं मिळाली तर चारही ठेवा, त्यांतलं 'शुद्ध' निवडू नका. बोली सरळ करू नका. डरहॅमच्या कामगारांची बोली पिटमॅटिक नावाने ओळखली जाते. आर्मस्ट्राँगची गाणी त्या बोलीतून उचलून प्रमाण इंग्रजीत ठेवली तर यमकं तुटतात आणि विनोद मरतो. ज्या गाण्यात कुणाचा अपमान आहे, परक्या कामगारांविषयी वाईट बोललंय, तेही नोंदवा. ते मुलांना शिकवायचं की नाही हा वेगळा प्रश्न.

आणि मग, नोंद झाल्यावर लगेच, गाण्याला काम शोधून द्या. डरहॅमच्या गावांनी जीर्ण झालेले बॅनर संग्रहालयाला देऊन गप्प बसायचं नाही असं ठरवलं. त्यांनी वर्गणी काढून नवे बॅनर शिवून घेतले, कारण मिरवणुकीत फडकायला बॅनर लागतो, आणि बॅनरसोबत चालायला बँड लागतो, आणि बँडला पोरं लागतात. शाळेत एक तासाचं 'वारसा व्याख्यान' ठेवण्यापेक्षा मुलांच्या हातात कॉर्नेट देणं खर्चिक आहे, तरी त्याचाच उपयोग होतो. दुर्घटनेचा स्मरणदिन, गावची जत्रा, सामना, नाताळ, यांपैकी दर वर्षी नक्की येणारा एखादा दिवस गाण्याला जोडून द्या.

शेवटी हक्कांविषयी, कारण इथे नेहमी फसगत होते. कुणाचंच नसलेलं पारंपरिक गाणं नव्याने बांधून मुद्रित केलं की त्या बांधणीचा स्वामित्वहक्क बांधणाऱ्याला मिळतो. गाणं चाललं तर मानधन त्याच्याकडे जातं आणि ज्या स्वयंपाकघरात ते मुद्रित झालं तिथे काहीच पोचत नाही. म्हणून मुद्रणाआधीच, गाणाऱ्याला कळेल अशा भाषेत, लेखी ठरवून घ्या: हे कोण वापरू शकतं, नाव कसं यायचं, पैसे मिळाले तर गावच्या बँडला किंवा गायनसंघाला किती, आणि नको वाटलं तर मागे कसं घ्यायचं. ध्वनिमुद्रणाची पहिली प्रत विद्यापीठात जाण्याआधी गाणाऱ्याच्या घरी आणि गावच्या वाचनालयात गेली पाहिजे, ती ऐकायला परवानगीचा अर्ज न लागता.